लंडी खानाला जायला टॅक्सी मिळेल का?

रानवारा

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात गेले, तेव्हा दोन दिवस व्हॉट्सॅपवर एकच मजकूर फिरत होता. तीन वैमानिक, रावळपिंडीच्या कोठडीची भिंत फोडली, पळाले, सीमेच्या तोंडाशी पकडले गेले. वर सॅल्यूटचा इमोजी, विषय संपला. धागा काढायचं तेव्हापासून मनात होतं, आज मुहूर्त लागला.

मला त्या मजकुरात दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे माणसाची सगळी कारकीर्द त्या एका रात्रीत कोंबलेली. दुसरी म्हणजे पकडले कशामुळे गेले, ते कुणीच लिहीत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

आधी थोडं मागचं. परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात रुजू झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला खालून गोळीबार लागला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. बरोबरच्या लीडरने इजेक्ट हो, म्हणजे पॅराशूटने विमानाबाहेर पड, म्हणून सांगितलं. हे गेले नाहीत, जखमी खांद्याने विमान तळावर आणून उतरवलं. त्यासाठी वायुसेना पदक मिळालं. विमान चालवायची स्टिक उजव्या हातात असते, हे लक्षात घेऊन वरचं वाक्य पुन्हा वाचा.

१९७१ ला ते २६ स्क्वॉड्रनमध्ये, सुखोई-७ वर. १० डिसेंबरला विमान पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. पकडला गेलो तर पळून जाईन, असं त्यांनी युद्धाच्या आधीच बोलून दाखवलं होतं. असं मेसमध्ये पुष्कळ जण बोलत असतील. याने केलं.

रावळपिंडीच्या कॅम्पात आपले एकूण बारा वैमानिक होते. सगळ्यांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएलो. सुरुवातीला प्रत्येकाला एकेकटं ठेवून चौकशी झाली. पुढे एकत्र आले आणि दिवसभर अंगणात वावरू लागले. कॅम्पचे प्रमुख उस्मान हे सभ्य गृहस्थ होते, नाताळला त्यांनी केक आणल्याची आठवण सांगितली जाते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परुळकरांनी पळायचा विषय काढला तेव्हा सगळे काही उडी मारून तयार झाले नाहीत. कामतांचे पाय मोडलेले, जाफांच्या पाठीला प्लास्टर. शेवटी निघाले तिघे: परुळकर, मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. बाकीच्यांनी पहारा दिला, वस्तू जमवल्या, तोंड बंद ठेवलं.

पाच नंबरच्या कोठडीची मागची भिंत विटांची होती. पलीकडे पाकिस्तानी हवाई दलाच्या भरती कार्यालयाचं आवार आणि त्यापुढे रस्ता. खाटेखाली आडवं पडून, हाती लागतील त्या हत्यारांनी विटांच्या सांध्यातलं सिमेंट कोरायचं. वीट सुटली की काढायची, काम झालं की परत जागेवर बसवायची. चुरा रेडक्रॉसच्या पार्सलच्या खोक्यांत. बाहेरच्या बाजूचा गिलावा तेवढा शाबूत ठेवला होता, तो शेवटच्या रात्री फोडायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा तो गिलावाच फुटेना. बेत रद्द, विटा पुन्हा जागेवर. मग कितीतरी दिवस त्याच खोलीत, त्याच भोकाशेजारी, काहीच न घडल्यासारखं राहायचं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हाच.

१२ ऑगस्ट १९७२ च्या रात्री वादळ सुटलं. मध्यरात्रीनंतर तिघे बाहेर पडले, भिंतीवरून रस्त्यावर उतरले, पेशावरची बस पकडली. पहाटे पेशावर. तिथून टांगा, थोडी पायपीट, मग लंडी कोतलची बस. सकाळी साडेनऊच्या सुमारास लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द तिथून चार-पाच मैल.

आणि मग त्यांनी विचारलं, लंडी खानाला जायला टॅक्सी मिळेल का?

लंडी खाना नावाचं स्टेशन त्यांच्या नकाशात होतं. जमिनीवर ते १९३२ पासून बंद होतं.

तिरकस

मस्त लिहिलंय. पण शेवट चहाच्या घोटासारखा मध्येच सोडलात. ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’ म्हणायला लावणार का?

नकाशेवाला

रानवारा, तुमची परवानगी गृहीत धरून शेवट मी पुरा करतो. माझा आवडता विषय आहे, आणि तो वैमानिकांचा नसून रेल्वेचा आहे.

खैबर रेल्वे इंग्रजांनी बांधली ती लष्करासाठी. नोव्हेंबर १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत गाडी गेली. ३४ बोगदे, ९२ पूल. पुढच्या वर्षी रूळ आणखी थोडे खाली, लंडी खानापर्यंत नेले. तो तुकडा डिसेंबर १९३२ मध्ये बंद झाला. म्हणजे जेमतेम सहा-सात वर्षं चालला. पण एकदा नकाशात चढलेलं नाव उतरायला फार वेळ लागतो. नकाशा छापणारा जुन्या नकाशावरून नवा छापतो. स्टेशन बंद झालं की तिथे बोर्ड लागतो, नकाशाला कोणी कळवत नाही.

कैद्यांच्या हाती शालेय अ‍ॅटलाससारखा नकाशा होता. त्यावर रेल्वेची रेघ लंडी कोतलच्या पुढे जाऊन लंडी खानाला संपत होती, आणि त्यापुढे सीमा. त्यावरून कोणीही हाच निष्कर्ष काढेल की शेवटचं स्टेशन गाठावं आणि पुढे चालत जावं. स्थानिक माणूस मात्र तोरखमला, म्हणजे सीमेवरच्या नाक्याला, जायचंय म्हणाला असता. चाळीस वर्षं जे नाव कोणी टॅक्सीवाल्याला सांगितलं नव्हतं, ते तीन परक्या माणसांनी उच्चारलं. तिथेच जवळ उभ्या असलेल्या तहसील कचेरीतल्या एका कारकुनाचे कान टवकारले.

गंमत अशी की त्याला ते भारतीय वाटलेच नाहीत, त्याला ते बंगाली वाटले. १९७२ मध्ये पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बरेच बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते आणि तिकडून बांगलादेशात जात होते. पकडणाऱ्यांची नजर बंगाल्यांवर होती आणि सापडले हे.

शंकासूर

लेख वाचनीय आहे. पण एक अप्रिय प्रश्न विचारतो, पेटवायला म्हणून नाही.

१ डिसेंबर १९७२ ला हे सगळे वाघामार्गे सुटून आलेच ना? पळाले १३ ऑगस्टला. म्हणजे गप्प बसले असते तरी साडेतीन महिन्यांत घरी होते. उलट पळण्यामुळे मागे राहिलेल्यांचं काय झालं? अंगणात बसायची मुभा गेली, सगळ्यांना हलवून लायलपूरच्या तुरुंगात टाकलं. मोडलेल्या पायांच्या माणसाने दुसऱ्याच्या धाडसाची किंमत का मोजावी? शौर्य वगैरे ठीक आहे, पण हिशेब मांडला तर तोट्याचा निघतो.

रानवारा

@शंकासूर, प्रश्न अप्रिय नाही, रास्त आहे. मागे राहिलेल्यांना भोगावं लागलं हे खरंच. पळण्याच्या बेताला कॅम्पातल्याच काहींचा विरोध होता तो याच कारणाने.

पण १ डिसेंबर ही तारीख तुम्हाला माहीत आहे, त्यांना नव्हती. ऑगस्ट १९७२ मध्ये चित्र काय होतं बघा. सिमला करार २ जुलैला झाला, त्यात युद्धकैदी कधी सोडायचे याची तारीख नाही. आपल्याकडे पाकिस्तानचे ९३ हजार कैदी, आणि त्यांची सुटका बांगलादेशाला मान्यता देण्याच्या भानगडीत अडकलेली. तो गुंता सुटायला दिल्ली करार व्हावा लागला, ऑगस्ट १९७३. म्हणजे रावळपिंडीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला वाटणारच की इथे दोन वर्षं तरी मुक्काम आहे. हिशेब मांडायचा तर त्या दिवशीच्या आकड्यांवर मांडा.

शंकासूर

हे मान्य. तारखेचा मुद्दा मागे घेतो, लायलपूरचा घेत नाही.

मोगरा

एक शंका. युद्धकैद्याने पळणं हा गुन्हा नाही का? पकडल्यावर गोळी का घातली नाही?

आडगावकर

मोगराताई, वकिलीचा चष्मा लावून सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

१९४९ चा तिसरा जिनीव्हा करार. पळण्याचा प्रयत्न हा त्यात गुन्हा धरलेला नाही, शिस्तभंग धरलेला आहे. कलम ९२ नुसार पकडला गेला तर फक्त शिस्तीची शिक्षा, आणि कलम ९० प्रमाणे एका शिक्षेची कमाल मुदत तीस दिवस. पुढचं कलम आणखी मजेदार आहे. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटी कागदपत्रं केली, स्वतःच्या फायद्याचा हेतू नसताना सरकारी वस्तू चोरली, तरी शिक्षा शिस्तीचीच. भिंत कोरायला स्क्रू ड्रायव्हर ढापणं यात बसतं. पळणाऱ्यावर गोळी चालवता येते, पण ती अखेरचा उपाय म्हणून, आधी इशारा देऊन.

दुसरं, शंकासुरांसाठी. कलम ९१ प्रमाणे कैद्याने शत्रूच्या ताब्यातला मुलूख सोडला की पलायन यशस्वी. आपल्या देशात पोचायची गरज नाही. तोरखमची रेघ ओलांडून एक पाऊल अफगाणिस्तानात टाकलं असतं की खेळ संपला होता. म्हणून तर पूर्वेला वाघा सोडून पश्चिमेला निघाले. भारताच्या सीमेवर दोन्हीकडून बंदुका आणि मधे सुरुंग, खैबरच्या बाजूला बससेवा.

भत्त्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून जोडतो. कैदेतल्या अधिकाऱ्याला दरमहा पगारातून आगाऊ रक्कम द्यावी लागते, हुद्द्याप्रमाणे. बसचं तिकीट आणि टांग्याचं भाडं त्यातूनच साठलं. पाकिस्ताननेच प्रवासखर्च दिला म्हणायला हरकत नाही.

तिरकस

टीए-डीए बिल सादर केलं होतं का ते विचारा. लोल.

जुना_फिटर

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं. मी एकोणसत्तरला हवाई दलात भरती झालो, सुखोई-७ वर इंजिनाचं काम केलं. परुळकरसाहेबांच्या स्क्वॉड्रनचा नाही मी, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. विमानाबद्दल आहे.

आपल्याकडे सुखोई-७ आलं १९६८ ला, पहिल्यांदा २६ स्क्वॉड्रनलाच. एक इंजिन, ते भलतंच तहानलेलं. जास्तीचा जोर देणारा आफ्टरबर्नर लावला की इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. नाकात लक्ष्य शोधणारं रडार नाही. दोन ३० मिलिमीटरच्या तोफा, पंखांच्या मुळाशी, प्रत्येकीला गोळे सत्तर. म्हणजे काही सेकंदांचा मामला. बाकी बॉम्ब आणि रॉकेटं. इंधनासाठी बाहेरून टाक्या टांगायच्या तर बॉम्बची जागा जाते, बॉम्ब टांगायचे तर पल्ला जातो.

काम कसलं, तर खाली येऊन रणगाडे, गाड्या, तोफा, पूल, रेल्वे यार्ड मारायचं. खाली म्हणजे इतकं खाली की रायफलवालासुद्धा नशीब आजमावतो. वर आकाशात विमानाशी विमान लढतं ते सिनेमात छान दिसतं. सुखोईवाल्यांना मुख्य भीती विमानवेधी तोफांची. म्हणून रावळपिंडीच्या त्या बारांत सुखोईवाले बरेच होते, त्यात नवल नाही.

एक मात्र सांगतो, विमान दणकट. शेपटीला एवढं भगदाड पडून परत आलेलं मी पाहिलंय, त्यात माझं डोकं आत जात होतं. उतरताना वेग फार, म्हणून शेपटाशी ब्रेक पॅराशूट, जोडीने दोन. प्रत्येक उड्डाणानंतर ती गोळा करून आणायची, झटकायची, घडी घालून पुन्हा ठासायची. धावपट्टीवरच्या धुळीने भरलेली आणि रबराचा वास मारणारी ती कापडं आम्ही पोरं खांद्यावर टाकून आणायचो.

रानवारा

फिटरकाका, दंडवत. तुम्ही लिहीत राहा.

नकाशेवाल्यांनी कारकुनापर्यंत आणलंय, पुढचं मी लिहितो. तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातली माणसं, लाहोरहून सुट्टीवर फिरायला आलोय, अशी बतावणी केली. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब, ग्रेवाल अली अमीर. दोघांनी ख्रिस्ती नावं घेतली त्यात डोकं होतं. नमाज पढून दाखव म्हटलं तर काय करणार? हा धडा एका सहकाऱ्यावरून मिळालेला होता. फ्लाइट लेफ्टनंट भार्गव ५ डिसेंबरला सिंधच्या वाळवंटात मारुत विमानातून पॅराशूटने खाली उतरले, आणि आपण पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली असल्याचं सांगून गावकऱ्यांना चकवत राहिले. शेवटी कोणीतरी कलमा म्हणायला सांगितलं आणि ते अडकले.

लंडी कोतलला तिघांची झडती झाली, जवळचे पैसे आणि नकाशे निघाले. सरहद्दीवरचा जमाव, हातात बंदुका, आणि हेर पकडल्याचा संशय. तिथे काहीही होऊ शकलं असतं. तेव्हा परुळकरांनी डोकं चालवलं. पाकिस्तानी हवाई दल प्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे दिमतीच्या अधिकाऱ्याला, फोन लावा म्हणाले. कारण त्यांना ठाऊक होतं की कॅम्पचे ते केकवाले उस्मान आता त्या जागेवर बदलून गेलेत. फोन लागला. उस्मान काय ते उमजले, आणि ही आपलीच माणसं आहेत, ठेवून घ्या पण हात लावू नका, अशा अर्थाचं तिथल्या पोलिटिकल एजंटाला, म्हणजे त्या मुलखाच्या सरकारी कारभाऱ्याला, सांगितलं.

शत्रूच्या अधिकाऱ्याने शत्रूच्याच कैद्यांना आपली माणसं म्हणून वाचवलं. उस्मानना रात्रीच्या पलायनाची बातमी तोवर कळली होती की नव्हती, यावर वाद घालत बसू नये असं माझं मत. त्या फोनमुळे तिघं जिवंत राहिले एवढं खरं.

तो दिवस रविवार होता. दुसऱ्या दिवशी, १४ ऑगस्टला, पाकिस्तानला पंचवीस वर्षं पुरी होत होती.

नकाशेवाला

हे एडीसीचं प्रकरण मी अर्धवट ऐकलं होतं. धन्यवाद. जाता जाता, आता उपग्रहाच्या नकाशावर लंडी कोतलच्या पश्चिमेला रस्ता पकडून हळूहळू सरकत जा. डोंगराच्या कडेने जुन्या रेल्वेची कापलेली वाट जागोजागी दिसते. रूळ नाहीत. मी एका पावसाळी रविवारी तासभर तेच करत बसलो होतो, घरच्यांनी विचारलं काय शोधतोयस, तर उत्तर देता येईना.

शंकासूर

आता माझाच प्रश्न मला छोटा वाटायला लागलाय, पण लायलपूरचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

आडगावकर

त्याला कायद्यात उत्तर नाही. एकाच्या पळण्याबद्दल बाकीच्यांना शिक्षा करणं करारात बसत नाही, सामूहिक शिक्षेला बंदी आहे. पण कॅम्प हलवणं ही शिक्षा नव्हे, सुरक्षेची व्यवस्था, असं म्हणायची सोय असते. आणि तुम्ही जे विचारताय ते पाकिस्तानने काय केलं हे नाहीच. परुळकरांनी आपल्या दोस्तांना त्यात लोटावं का, हे विचारताय. त्याचं उत्तर मागे राहिलेल्या नऊ जणांनीच द्यायचं. त्यांनी विटांचा चुरा लपवायला मदत केली, एवढं आपल्याला माहीत आहे.

मोगरा

थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुटून आलेल्यांची गोष्ट आपण सांगतो. न आलेल्यांचं काय?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही सुखोईवालेच, ३२ स्क्वॉड्रन, १९७१ चा तोच डिसेंबर. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कारप्राप्त. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या वेळच्या पाकिस्तान ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं होतं. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्याहून जे आले त्यांत ते नव्हते. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे. १९८३ ला आणि पुन्हा २००७ ला नातेवाइकांना पाकिस्तानच्या तुरुंगांतून फिरवून आणलं, हाती काही लागलं नाही. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कोणी नाही.

एकाच तऱ्हेचं विमान, एकच पंधरवडा. एकाच्या वाट्याला ‘मी भिंत फोडून पळालो’ सांगायला पन्नास वर्षं आली. दुसऱ्याच्या घरी चुकीच्या स्पेलिंगचं एक कात्रण.

तिरकस

मी सहसा टवाळी करतो. इथे नाही.

रानवारा

मोगरा, अवांतर कसलं, हाच विषय आहे. परुळकर परत आल्यावर पुन्हा उडू लागले, शिकवू लागले, पलायनासाठी विशिष्ट सेवा पदक मिळालं, ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले. फसलेल्या पलायनाला पदक, हे अनेकांना विचित्र वाटतं. मला नाही वाटत. कैद्याकडे काय असतो? वेळ. तो वेळ त्याने भिंत कोरण्यात घालवला.



मोगरा

फिटरकाका, तुम्हाला एक विचारू? विमान परत आलं नाही, तर खाली तुम्हाला कोण सांगायचं?

जुना_फिटर

काका नका म्हणू, आजोबा म्हणा, शहात्तर पूर्ण झाली.

कोणी सांगत नाही. सांगायची गरज नसते. किती इंधन भरलं ते आपण भरलेलं असतं. सुखोईत ते फार काळ पुरत नाही. मिनिटं आपल्याला पाठ असतात. बाकीची उतरतात, आपण त्यांची ब्रेक पॅराशूट गोळा करतो, आणि एक डोळा घड्याळावर. दुसरीकडे कुठे उतरलं असेल, असं पहिला कोणीतरी म्हणतो. मग दुसरा म्हणतो. काटा ठरलेल्या जागेच्या पुढे गेला की कोणी काही म्हणत नाही. ठासायला आणलेली जोडी तशीच बाजूला पडलेली असते, आणि जो तो हत्यारं पुसत बसतो, पुसलेलीच.

उडायच्या आधी वैमानिक सर्व्हिसिंगच्या वहीत सही करतो, फॉर्म ७०० म्हणतात तिला. सही केली म्हणजे विमान त्याने आपल्याकडून ताब्यात घेतलं. वही विमानाबरोबर जात नाही, खालीच राहते. परत आला की त्याच पानावर लिहितो, अमुक आवाज येतोय, तमुक गेज नीट दाखवत नाही. माझ्या ताब्यातल्या एका वहीत एका पानावर वरची सही आहे आणि खालचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी सकाळी वही नेहमीच्या जागी ठेवायची, की वेगळी, हे विचारायला मी सार्जंटकडे गेलो होतो. त्याने वही घेतली, पान बघितलं, आणि चहा प्यालास का म्हणून विचारलं.